ऑफिसमधल्या प्रेमाची कादंबरी लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचते, दुरुस्त्या सुचवते. त्याआधी बारा वर्षं बँकेत होते. ऑफिसात घडणाऱ्या प्रेमकथा हल्ली भरपूर येतात आणि त्यांच्या लेखकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते एकदाचे इथं लिहून ठेवते. सुरुवातीला सोपे, पुढे किचकट.

१. नायक-नायिका एकाच कंपनीत आहेत. एवढ्यावर ती ऑफिसची कादंबरी होते ना?

होत नाही. तुमचा सगळ्यात लाडका प्रसंग उचला आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये नेऊन ठेवा. दोन शब्द इकडेतिकडे करून तो तिथंही चालला, तर ऑफिस तुम्ही नुसतं पडद्यासारखं मागे टांगलं आहे. दोघांना एकमेकांच्या वाटेत आणून सोडणारं काहीतरी कामातूनच निघायला हवं.

बँकेतलं उदाहरण देते. शाखेतल्या रोकड तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं मिळून आल्याशिवाय ती उघडत नाही आणि संध्याकाळी बंदही होत नाही. आता या दोघांचं आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालंय असं समजा. तरी सकाळी दहाच्या आत शेजारी उभं राहून दोन चाव्या फिरवाव्याच लागतील. एकानं रजा टाकली, तर चावी रजिस्टरमध्ये नोंद करून तिसऱ्याच कुणाच्या तरी ताब्यात द्यावी लागेल, म्हणजे भांडण रजिस्टरवर येईल. हा प्रसंग कॉलेजात नेऊन दाखवा!

२. मी कधीच ऑफिसात काम केलेलं नाही. लिहू का?

लिहा. पण ज्यांनी केलंय अशा दोघा-तिघांबरोबर बसा आणि त्यांना फक्त कालचा दिवस विचारा. ‘तुमचं काम काय’ असं विचारलंत तर बायोडाटा मिळतो. ‘काल साडेदहाला काय करत होता’ असं विचारलंत की प्रिंटरवरून झालेली कुरबुर मिळते.

३. कादंबरी किती शब्दांची असावी? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कुठून मिळतो?

पहिल्या कादंबरीला मी पन्नास हजारांच्या आसपास थांबायला सांगते. त्यापुढे ऑफिसातलं राजकारण प्रेमाला खाऊन टाकतं असा माझा अनुभव आहे. ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन मंचावर भागाभागानं लिहिणार असाल तर हिशोब वेगळा, तिथं प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवावं लागतं. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, विनाशुल्क. तो ‘काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर ते त्याच्या खटपटीचे, क्रमांकाचे नव्हेत. आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, कृपा होईल.

४. कुठलं ऑफिस निवडू? सगळ्यांना पुण्याजवळच्या हिंजवडीचं आयटी पार्कच का सुचतं?

कारण लिहिणारे बरेचसे तिथंच आहेत. हिंजवडी वाईट नाही. फेज एक ते तीनच्या वाहतुकीत अडकलेली कॅब ही दोन माणसांना तासभर एकत्र बसवायची आयती सोय आहे. बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना) बसलेला माणूस, ऑनसाइटची, म्हणजे परदेशी क्लाएंटकडे जाण्याची वाट बघणारा, अप्रेझलनंतर, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनानंतर गप्प झालेला, असे प्रत्येकाचे निराळे मूड तिथं मिळतात. शिवाय नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड! राजीनामा दिलेला माणूस तीन महिने रोज समोर बसतो. जाणार हे ठरलेलं, पण गेलेला नाही. कादंबरीच्या उत्तरार्धाला याहून चांगलं घड्याळ मला माहीत नाही.

तरीही बाकीच्या कचेऱ्यांकडे बघा म्हणेन. कागदी फाइलींच्या काळातल्या मंत्रालयात फाइल टेबलाटेबलावरून वर चढे, प्रत्येकजण टिपणी लिही, शेरा मारी. दोन कक्षांतली दोन माणसं महिनोन्‌महिने एकमेकांचं हस्ताक्षर वाचत असत. साखर कारखान्याच्या हंगामात शेती विभागाला ऊसतोडीच्या नोंदींनी झोप नसते. जिल्हा परिषदेत बदलीचा मोसम आला की मैत्र्याही बदलतात. यांतलं फारच थोडं कादंबरीत आलेलं मला दिसतं.

५. कथा कोणत्या वर्षी घडते हे सांगायलाच हवं का?

वाक्यात सांगू नका, पण स्वतःला पक्कं माहीत असू द्या. चुका इथंच होतात. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आहे. तुमची २०१७ सालातली लिपिक नायिका दर शनिवारी लोणावळ्याला जाऊ शकत नाही. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी २०१५ च्या सप्टेंबरपासून मिळाली, त्याआधी शनिवार अर्धा दिवस असे. मार्च २०२० नंतरच्या वर्षा-दीड वर्षात आयटीतली माणसं ऑफिसात आणलीत, तर का आणलीत ते सांगावं लागेल.

६. पात्रांनी एकमेकांना ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि मला सगळ्यांत आवडतो. मराठीत या एका अक्षरावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

आधी जागेची रीत बघा. सरकारी कचेरीत ‘साहेब’ आणि ‘मॅडम’, तलाठ्याला ‘भाऊसाहेब’. बँकेत ‘जोशी सर’, ‘शिंदे मॅडम’, आणि दोस्ती झाली की नुसतं आडनाव : ‘अरे पाटील, चहा?’ आयटीत पहिल्या दिवसापासून नावानं हाक. पण ती हाक इंग्रजीतली असते. तेच दोघं मराठीवर आले की पेच पडतो, कारण सहा वर्षांनी मोठ्या टीम लीडला ‘तू’ म्हणायला जीभ रेटत नाही आणि ‘तुम्ही’ म्हटलं तर तोच कानकोंडा होतो.

अशा वेळी मराठी माणूस काय करतो? कर्ताच गाळतो. ‘जेवण झालं?’ ‘उद्या यायचंय ना?’ ‘ती शीट पाठवायची होती.’ यात ना तू, ना तुम्ही. माझ्याकडे आलेल्या एका हस्तलिखितात नायिका चाळीस पानं अशीच वाक्यं बोलते. एकेचाळिसाव्या पानावर पार्किंगमध्ये तिच्या तोंडून निसटतं, ‘तू गेला नाहीस अजून?’ पुढचं वाक्य दोघांपैकी कुणालाच सुचत नाही. लेखिकेनं त्या पानावर प्रेम हा शब्द लिहिला होता, मी खोडायला लावला.

दुसरी जोडी ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही क्लाएंटला कळवलंय’ यात समोरचा बाहेर आहे. ‘आपण कळवू’ यात तो आत आला. मीटिंगमध्ये सतत ‘आमची टीम’ म्हणणारा माणूस एके दिवशी ‘आपल्याला उशीर होईल बहुतेक’ म्हणतो, तेव्हा वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

एवढंच बघा की हा बदल दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत होऊन जाऊ नये. पाचव्या प्रकरणात ‘तुम्ही’, सहाव्यात ‘तू’ आणि मधलं काहीच नाही, असं दहातल्या सहा हस्तलिखितांत असतं. आणि तुटल्यावर ‘तुम्ही’ परत आणता येतं, तेही विसरू नका. चारचौघांत, स्वच्छ आवाजात.

७. आयटीतले लोक हिंदी-इंग्रजीच बोलतात. सगळे संवाद मराठीत दिले तर खोटं वाटत नाही?

कॉलवरचं इंग्रजी मराठीत सांगून टाका : ‘तिनं डेडलाइन पुढे ढकलायला सांगितलं.’ संवाद शब्दशः हवा तिथंच द्या. कुठल्या भाषेत बोलणं चाललंय याची मात्र वाचकाला खबर ठेवा, कारण टीममध्ये हैदराबादचा आणि इंदूरचा माणूस असताना हिंदी बोलणारे दोघं लिफ्टमध्ये एकटे सापडल्यावर मराठीवर येतात, ते पाहण्यासारखं असतं. एक नागपूरची आणि दुसरा कोल्हापूरचा असला तर अजून मजा. पण नागपूरकरणीचं ‘करून राहिली’ फक्त हसण्यासाठी वापरू नका, ती रागावतानाही तसंच बोलेल.

८. नायक बॉस आणि नायिका हाताखाली, चालेल का? वाचकांना आवडतं असं म्हणतात.

आवडतं. पण लिहायला हे सगळ्यांत अवघड आहे, आणि लेखक तेच सगळ्यांत सोपं समजून हाती घेतात.

अडचण अशी की तिचं अप्रेझल तो लिहितो. रजा तो मंजूर करतो. त्यानं ‘कॉफी घेऊया?’ म्हटलं आणि ती ‘हो’ म्हणाली, तर तो होकार कॉफीला होता की पगारवाढीला, हे तिचं तिलाही नीट ठरवता येत नसेल. ही संदिग्धता लपवली की कादंबरी चिकट होते. नायिका नकार देते, नायक फुलं, मेसेज, घराखाली उभं राहणं असा मारा करतो आणि शेवटी ती विरघळते, असं मला आजही वाचायला मिळतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा, आणि त्याच्या मुळाशी असलेला सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा. कायद्यात सगळं येऊन थांबतं ते वागणं ‘नकोसं’ होतं का यावर. तुमच्या नायकाचा तिसरा मेसेज त्यात बसतो की नाही, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. आणि मालकानं दिलेली कॅब किंवा कामानिमित्त गेलेलं गावही कायद्यानं कामाचं ठिकाणच, त्यामुळे ‘ऑफिसबाहेर घडलं’ ही सबब नायकाला मिळत नाही.

भारतीय न्याय संहितेचं ६९ वं कलमही इथं माहीत हवं. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नोकरीचं किंवा बढतीचं खोटं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवले, तर या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बढतीच्या वचनावर फिरणारं कथानक असेल तर तो नायक उरतो का, ते आधी ठरवा.

मार्ग आहेत. त्यांतला मला पटणारा असा, की बॉसनं आधी ती आपल्या हाताखाली राहणार नाही अशी व्यवस्था करून घ्यावी आणि मगच बोलावं. त्यासाठी त्याला कुणाला तरी कारण सांगावं लागेल. तो एचआरसमोर बसून काय सांगतो, तिथं तुमचा नायक कळेल.

९. तक्रार समितीचा प्रसंग आहे. कोर्टासारखा लिहू का?

मुळीच नको. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं (प्रश्न ८) दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. वकील घेऊन येता येत नाही, त्यामुळे ‘ऑब्जेक्शन’ ओरडणारा काळा कोट काढून टाका. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. नावं बाहेर फोडायला बंदी आहे, म्हणून नोटीस बोर्डावर लागलेला निकाल हाही निकालात काढा.

दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि या कायद्याखाली तक्रार स्त्रीच करू शकते. तुमच्या कादंबरीत त्रास पुरुषाला होत असेल, तर त्याला कंपनीच्या स्वतःच्या नियमांकडे जावं लागेल.

खरा प्रसंग बहुधा एसी जास्त लावलेल्या मीटिंग रूममध्ये घडतो. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि पंचांपैकी एक बाई नायिकेबरोबर रोज डबा खाणारी.

१०. ऑफिसात प्रेम केलं म्हणून नोकरी जाते का?

दोन प्रौढ सहकाऱ्यांच्या संबंधांना कायद्यात बंदी नाही. कंपन्यांचे आपापले नियम असतात. बहुतेक ठिकाणी मुद्दा एवढाच, की एकजण दुसऱ्याच्या हाताखाली असेल तर कळवा (म्हणून प्रश्न ८). सरकारी नोकरीत उलटी गंमत आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हे बदलीसाठी मान्य कारण आहे. आयटीत लग्न झालं की एकाला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवतात, आणि इकडे लग्न झालं तरच दोघं एका तालुक्यात येतात. यावर कादंबरी लिहा कुणीतरी.

११. नायिका विवाहित आहे. नवरा प्रियकरावर फौजदारी गुन्हा दाखल करतो असं दाखवलंय.

जुन्या भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. त्यानंतरच्या काळातली कथा असेल तर तो गुन्हा दाखल होणार नाही. घटस्फोटाला मात्र ते कारण उरतंच. तसंही नवऱ्याच्या हाती पोलिसांपेक्षा सासूचा फोन हे हत्यार जास्त धारदार असतं.

१२. घरच्यांच्या नकळत दोघं नोंदणी लग्न करतात. दुपारच्या सुट्टीत उरकता येईल?

आंतरधर्मीय जोडपं विशेष विवाह कायदा, १९५४ खाली जाईल. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला असावा लागतो, आणि नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. मग हरकतींसाठी तीस दिवस. लग्नाला साक्षीदार तीन. म्हणजे तुमच्या गुप्त जोडप्याची नावं महिनाभर भिंतीवर, आणि ऑफिसातला कुणीतरी स्वतःच्या भाच्याच्या लग्नाची तारीख घ्यायला तिथं येणारच.

१३. जातीचा उल्लेख टाळू का? ऑफिसात कोण बघतं?

आयडी कार्डावर आडनाव असतं. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर तिसऱ्या दिवशी येतो आणि त्यातलं खरं विचारणं सगळ्यांना कळतं. पात्रांना आडनावंच न देणारे लेखक मला भेटतात. मग वाचक आपल्या मनानं देतो, आणि ती बहुतेक ठरावीकच असतात.

१४. प्रेमी जोडी दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची असेल तर काय बदलतं?

६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. लग्नाला मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दिली नाही. त्यामुळे शेवटी पुण्यात नोंदणी विवाह दाखवू नका. मेडिक्लेमच्या फॉर्मवर ‘जोडीदार’ या रकान्यापाशी अडकलेला पेन दाखवता येईल. काही कंपन्या तो रकाना भरू देतात, बऱ्याच देत नाहीत.

१५. दोघं निनावी चॅट करतात आणि शेवटी कळतं की शेजारच्या डेस्कवरच आहेत. ओळख कशी लपवू?

ही कल्पना परभाषेतून उचलली की मराठीत पहिल्याच ओळीला फुटते. ‘मी आत्ताच आले’ म्हटलं की बाई, ‘आलो’ म्हटलं की बुवा. क्रियापद चुगली करतं. बाई असल्याचं उघड झालेलं चालणार असेल आणि फक्त कोण ते लपवायचं असेल, तर प्रश्न नाही. लिंगही लपवायचं असेल तर तीन वाटा : ‘मला कंटाळा आलाय’, ‘माझं जेवण झालं’ अशी ‘मी’ कर्ता नसलेली वाक्यं, ‘मी फाइल पाठवली’ यासारखी कर्माप्रमाणे चालणारी क्रियापदं, किंवा ‘मी येईन’ असा भविष्यकाळ. तीनशे शब्द छान निभावतात, तीन प्रकरणं नाही. दुसरं पात्र हुशार असेल तर ही कसरत त्याच्या लक्षात यायला हवी. ‘तुम्ही वाक्यं फार जपून लिहिता’ असा त्याचा मेसेज आला, तर तिथून गोष्ट पुढे सरकते. कर्ता गाळण्याची दुसरी तऱ्हा प्रश्न ६ मध्ये आहे.

१६. प्रणयाचं वर्णन किती करावं?

तुम्हाला लिहिताना लाज वाटणार नाही इतकं. मराठीत शरीराचे शब्द एक तर संस्कृत नाही तर शिवी, ही तक्रार खरी आहे. म्हणून साधे शब्द घ्या : मान, पाठ, मनगट, श्वास. ‘उरोज’ दिसलं की मी पान उलटते.

१७. खऱ्या कंपनीचं नाव घालू का? गाण्याच्या ओळी?

रस्ता, चौक, बसचा क्रमांक खरा घ्या, कंपनी कल्पित. तिच्या नावावर छळ किंवा घोटाळा लावलात तर बदनामीचा दावा तुमच्यावर आणि प्रकाशकावर येऊ शकतो. गाण्याच्या ओळींना परवानगी लागते. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क शाबूत असतो. पात्राला नुसती चाल गुणगुणू द्या.

१८. ही माझीच गोष्ट आहे. ती व्यक्ती अजून त्याच ऑफिसात आहे. नाव बदललं की पुरे?

पुरत नाही. माणसं नावावरून ओळखू येत नाहीत, सवयींवरून येतात. डब्याचं झाकण टिश्यूनं पुसण्याची सवय कायम ठेवून रमेशचा सुरेश केलात, तर मजल्यावरच्या सगळ्यांना कळेल.

हुद्दा बदला, शहर बदला, काम बदला. काम बदललंत की प्रसंग मोडतील (प्रश्न १ मुळे मोडायलाच हवेत) आणि नव्यानं रचावे लागतील. त्या रचण्यात खरी व्यक्ती बरीचशी निघून जाते. तरीही तिला आधी विचारावं का, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. एका लेखकानं हस्तलिखिताची प्रत बंद पाकिटात तिच्या टेबलावर ठेवली होती. आठवड्यानं ती परत आली. कथेबद्दल अवाक्षर नाही, पण एकशे बाराव्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुरुस्ती होती : ‘त्या दिवशी पाऊस नव्हता.’ त्यानं पाऊस काढला.